तेविसावी डबी

१

राणोजीचं माणसांशी कधी फारसं पटलं नाही. रुळांशी पटायचं. रूळ उगाच बोलत नाही, आणि बोलला तर खोटं बोलत नाही. हातोड्याचा एक टोला द्यावा. रूळ धरून ठेवणारी क्लिप घट्ट असेल तर टण्ण वाजतं, सैल असेल तर खुळखुळतं. संपलं. पुढची क्लिप.

छत्तीस वर्षं तो हेच करत होता. दक्षिणेतल्या आवडी गावाच्या पुढे पुळियंपाक्कम नावाचं बारकं स्टेशन, तिथून एरिक्करैपर्यंत पाच किलोमीटर. खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, काखेत दोन लाल झेंड्या आणि एक हिरवी. सकाळी निघायचं आणि रूळ तपासत चालायचं. याला कीमन म्हणतात. साठी भरायला तीन महिने राहिले होते.

दोन वर्षांपूर्वी त्या डब्या आल्या. रुळांच्या मधोमध स्लीपरवर बोल्टनं आवळलेल्या, पिवळ्या, साबणाच्या डबीएवढ्या. गाडी वरून गेली की डबी तिला सांगते, तू अमुक ठिकाणी आहेस. मग ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर उमटतं: पुढचा सिग्नल इतक्या मीटरवर, रंग हा. लाल असला आणि ड्रायव्हरनं काही केलं नाही तर यंत्र स्वतःच ब्रेक लावतं. साहेबानं रूळकामगारांच्या सगळ्या गँगला उन्हात उभं करून हे समजावलं तेव्हा राणोजी म्हणाला होता, "मग ड्रायव्हराला डोळे कशास दिले देवानं?" साहेब हसला नाही. राणोजीनंही विनोद केला नव्हता.

पण पुढे त्याची मुलगी शरण्या लोकलची ड्रायव्हर झाली आणि याच लाइनीवर लागली. त्या दिवसापासून राणोजी रोज प्रत्येक डबी फडक्यानं पुसायला लागला. कावळ्याची घाण, तेलाचा ओघळ, काही राहू द्यायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

डब्या बावीस. राणोजी तिसरीपर्यंत शाळेत गेला आणि मास्तराशी भांडून घरी आला, तेव्हापासून कागदावर त्याचा भरवसा नाही. त्याच्या डाव्या खिशात बावीस चिंचोके असत. डबी पुसली की एक चिंचोका उजव्या खिशात. एरिक्करैचा फलाट दिसायला लागला की डावा खिसा रिकामा.

दहा वीसला शरण्याची लोकल यायची. हा बाजूला उभा राहून हिरवी झेंडी धरायचा, ती हात वर करायची. तसा नियमच आहे. हसायचा नियम नाही. ती हसायची.

२

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गँगच्या खोलीत हातोडे, पाने, जॅक मांडतात, चंदन-कुंकू लावतात, चुरमुरे वाटतात, कोहळा फोडतात. राणोजीनं गेल्या वर्षापासून त्यात आपली भर घातली होती. कुंकवाची वाटी घेऊन तो वाटेवरच्या एकूण एक डबीला ठिपका लावत जायचा. लेकीला सांभाळणारी आयुधंच ती, त्यांना कोण लावणार? वाकायचं, अंगठा वाटीत, अंगठा डबीवर, पुढे. एका हातात वाटी, दुसऱ्यात झेंडी, तेव्हा त्या दिवशी चिंचोके मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा निघाला. ऊन चढत होतं. एरिक्करैच्या अलीकडे एक एरी लागते. एरी म्हणजे तलाव, पण नावाचाच. इकडचा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा, तो अजून लागला नव्हता, तळ भेगाळलेला, बांधावर चार ताड. बांध मागे टाकून तो पुढे आला, फलाट दिसायला लागला. डावा खिसा रिकामा झाला.

आणि पुढच्या स्लीपरवर आणखी एक डबी होती.

त्यानं उजवा खिसा हातरुमालावर ओतला. बावीस. खिशाचं अस्तर उलटं केलं. भोक नाही. ती डबी पुसली आणि मनाशी म्हणाला, कुठेतरी दोनदा हात घातला असशील, म्हाताऱ्या. पुढच्या दिवशी प्रत्येक चिंचोका काढताना तो मोठ्यानं आकडा म्हणत गेला. बाविसावर खिसा संपला. डबी एक उरली.

सगळ्यांवर कुंकू होतं.

३

आवडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तीन माणसं: राणोजी, बायको वसंता आणि शरण्या. त्या दुपारी जेवताना शरण्या म्हणाली, "अप्पा, एरीच्या बांधाजवळ सिग्नल कधी बसवला?"

"कोठला सिग्नल?"

"मज ठाऊक नाही म्हणून तर विचारते. दोन दिवस झाले, पडद्यावर येतोय. आधी पिवळा, मग लाल. ब्रेक आपोआप लागतो. चाळीस सेकंदं गाडी उभी. मग हिरवा होतो, मी निघते."

"खांब दिसतो?"

"खांब नाही."

"मग थांबतेस कशास?"

"अय्यो अप्पा! डोळा हिरवं म्हणाला आणि यंत्र लाल म्हणालं, तर लालचंच ऐकायचं. नियम आहे."

"आणि खांबच नसला तर?"

"त्याचा नियम नाही," शरण्या म्हणाली आणि पानातला पापड, अप्पळम, मोडला.

"माझ्या बरणीतले चिंचोके नेतात ते परत आणायचा काही नियम आहे का, तेही विचार की," वसंता सांबार वाढता वाढता म्हणाली.

"लिहून दिलंस?" राणोजीनं बायकोकडे लक्ष न देता विचारलं.

"दिलं. म्हणाले, चाचणी चालली असेल. अप्पा, सगळं ठीक आहे. चाळीस सेकंदांनी कोण मरतं?"

राणोजीनं भात तसाच ठेवला, आणि वसंतानं ते पाहिलं.

४

राणोजीनं आरडाओरडा केला म्हणून यंत्र बसवणाऱ्या कंपनीनं एक इंजिनिअर पाठवला. मंदार नाव, नाशिकचा, तिशीतला, पाठीवर सॅक.

"काका, तुम्ही मराठी? इथे कसे?"

"तुम्ही इथे किती वर्षं?"

"तीन."

"आम्ही साडेतीनशे. आता कोणी कोणास विचारायचं, इथे कसे म्हणून?"

मंदार खळखळून हसला. "तुमचं मराठी ऐकून आजोबांची आठवण येते."

"तुमचं ऐकून टीव्हीची."

दोघं चालायला लागले. मंदारच्या हातात टॉर्चसारखं एक यंत्र होतं. डबीला टेकवलं की पीप वाजायचं आणि नंबर उमटायचा. राणोजीनं त्या दिवशी मुद्दाम तेवीस चिंचोके आणले होते. पीप, चिंचोका. पीप, चिंचोका. बांधाशी आले तेव्हा मंदारला फोन आला. गॅसचा सिलिंडर आला आणि घरी कुणी नाही, असं काहीतरी. तो बोलत बोलत चालत राहिला.

आणि राणोजीनं पाहिलं. एका स्लीपरवर मंदारनं पाय उंच उचलला. दगड ओलांडताना उचलतात तसा नाही. दाटीच्या खोलीत झोपलेलं माणूस ओलांडताना, त्याला लागू नये म्हणून उचलतात, तसा. बोलणं मध्ये तुटलं नाही. खाली पाहिलंही नाही.

एरिक्करैला पोचल्यावर मंदार म्हणाला, "बावीस. ड्रॉइंगमध्ये बावीस, मशीनमध्ये बावीस."

"माझे तेवीस. एक तुम्ही ओलांडलीत."

"कुठली?"

राणोजीनं त्याला उन्हातून परत बांधापर्यंत नेलं. बोट दाखवलं.

"ही? ही झाली ना मघाशी." मंदारनं यंत्र टेकवलं. पीप. "सोळा नंबर. यादीत आहे."

"मग तिच्या आधीची?"

"पंधरा."

"आणि तिच्या आधीची?"

"चौदा. काका, असं मागे मागे गेलो तर सेंट्रल स्टेशन येईल. चिंचोका जास्तीचा पडला असेल हो."

"गाडी इथं थांबते त्याचं काय?"

मंदारनं सॅकमधून टॅब काढला, अंगाच्या सावलीत धरला आणि बोट फिरवलं. "नाही थांबत. हे बघा, काल, दहा वीसची लोकल. बांधाजवळ स्पीड ऐंशी. एरिक्करैला वेळेवर."

"माझी मुलगी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हणत मी. पण मशीनमध्ये थांबल्याची नोंद नाही." मंदारनं घाम पुसला, आणि मग जरा हळू आवाजात, माणुसकीनं म्हणाला, "काका, राहिलेत किती महिने? हे वर कळवलं तर तुम्हालाच डॉक्टरकडे पाठवतील. रूळ सोडून ऑफिसात बसवतील."

ते खरं होतं. राणोजीनं उलट न सुनावता ऐकून घेतलं, हे त्याच्या ओळखीच्यांना सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

५

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो बांधाजवळ जाऊन उभा राहिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहू, म्हणाला, मग ठरवू कुणाचं डोकं फिरलंय.

लोकल आली. लांबून तिचा आवाज उतरत गेला, ब्रेकचा फुस्कारा निघाला आणि ती उभी राहिली. पहिला डबा त्याच्यापासून पन्नास पावलांवर. हिला थांबवणारा खांब नाही, फाटक नाही, माणूस नाही. एकीकडे झुडपं, दुसरीकडे कोरडी एरी.

लोकल मध्येच थांबली की माणसं काय करतात ते राणोजी छत्तीस वर्षं बघत आला होता. दारांतून डोकी बाहेर येतात. कुणी ड्रायव्हरच्या आईबापांचा उद्धार करतं. एखादा उडी मारून झुडपाआड जातो. आज एक डोकं बाहेर आलं नाही. खिडक्यांतून माणसं दिसत होती, फोनमध्ये बघत बसलेली, स्टेशनात गाडी थांबल्यावर बसतात तशी निवांत. डब्यांतल्या पंख्यांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मग एरीच्या बाजूला, त्याला न दिसणाऱ्या अंगाला, एक दार लागलं. ड्रायव्हरच्या केबिनचं. त्या दाराचा आवाज जड असतो, डब्याच्या दारांसारखा नाही.

मागून गार्डानं निघायच्या दोन घंटा दिल्या. गाडी निघाली. राणोजीची झेंडी आपोआप वर गेली. समोरच्या काचेत त्याच्या बाजूला शरण्या बसली होती. तिनं हात वर केला.

काचेच्या अगदी पलीकडच्या, एरीकडच्या कोपऱ्यात आणखी एक हात वर झाला.

मनगटापर्यंतच दिसत होता. पंजा उघडा, बोटं जुळवलेली. शरण्यानं हात खाली घेतला, तोही खाली गेला. अर्धा श्वास उशिरा.

डबे एकामागून एक गेले. शेवटच्या डब्यातून गार्ड शेषाद्री वाकून बघत होता. वीस वर्षांची ओळख. राणोजी गाडीबरोबर धावायला लागला आणि ओरडला, "शेषाद्री! दोन घंटा कशाला दिल्यास?"

"सगळे चढले की! मग देऊ नको?"

"कोण चढले?"

शेषाद्रीनं तोंड उघडलं. त्यानं एरीकडे पाहिलं, मग राणोजीकडे पाहिलं. उत्तर त्याला आठवत होतं आणि सापडत नव्हतं, असं त्याचं तोंड झालं. तेवढ्यात गाडीनं त्याला लांब नेलं.

६

प्रतिबिंब असेल, राणोजीनं स्वतःला बजावलं. काचेत काच दिसते, हातात हात दिसतो, ऊन समोरून असतं. घरी येऊन त्यानं वसंताच्या कपाटाच्या आरशासमोर उभं राहून हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला.

"कोणास टाटा करता?" वसंतानं विचारलं.

"गप बस."

आरशातला हात उशिरा जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो दुसरा हात काचेच्या मधोमध आला होता. चौथ्या दिवशी त्याहून इकडे. पाचव्या दिवशी तो शरण्याच्या खांद्याला लागून वर झाला, आणि आता तो उशीर करत नव्हता. दोन्ही हात एकदम वर, एकदम खाली. शरण्या हसली नाही. राणोजीची झेंडी खाली आली ती त्याला पुन्हा उचलवेना.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "केबिनमध्ये कोण असतं तुझ्याबरोबर?"

"कोण असणार? एकटीच असते."

"बाकावर?"

"कोठल्या बाकावर?"

"तुझ्या बाजूला बाक असतं की, इन्स्पेक्टर येतो तेव्हा बसतो ते."

शरण्या विचारात पडली. "रिकामं असतं," ती शेवटी म्हणाली. "मी तिकडे बघत नाही."

"का बघत नाहीस?"

"तसं नाही. बघायचं काम पडत नाही."

"चार दिवस रजा टाक."

"दिवाळी तोंडावर आली, रजा कोण देतं? आणि मी नाही गेले तर दुसरी ड्रायव्हर आहे, जननी, तिला लावतील त्या गाडीवर. दहा महिन्यांचं बाळ आहे तिचं." ती उठली. "अप्पा, तुम्हाला माझं काम आवडत नाही का?"

राणोजीला शिव्या येत होत्या, टोमणे येत होते. जे सांगायचं होतं ते सांगता येत नव्हतं. "जेवून घे," तो म्हणाला.

७

डबी काढून टाकायची. सोपं होतं. पाना कमरेलाच असतो.

सकाळी लवकर तो बांधाशी गेला, उकिडवा बसला आणि मंदारनं ओलांडलेल्या डबीच्या बोल्टवर पाना लावला. मग मान वळवून मागच्या डबीकडे पाहिलं. मग पुढच्या. अंतर सारखं. ही काढली तर तिथं मोकळी जागा दिसेल, दात पडल्यासारखी. मागची काढली तरी तसंच दिसेल. मंदार म्हणाला होता, ही सोळा नंबर, यादीत आहे. आणि ही खरीच सोळा असली तर? बांधापुढे पाऊण किलोमीटरवर एरिक्करैचा खराखुरा सिग्नल आहे. तो लाल असेल आणि शरण्याच्या गाडीला कुणी सांगणार नाही. आपल्या हातानं लेकीची गाडी आंधळी करायची? ती आणि मागे हजार-बाराशे माणसं.

उपरी कोणती हे कळायला खूण हवी. नवी वस्तू नवी दिसते. पण या बोल्टवर गंज होता, खाली स्लीपरच्या सिमेंटवर जुना डाग होता. राणोजीनं वाकून कुंकू पाहिलं.

त्याचा उजवा अंगठा फार वर्षांपूर्वी हातोड्याखाली आला होता. अर्धं पेर गेलं. त्यामुळे त्याचा ठिपका कधी गोल उमटत नाही, नखाच्या कोरीसारखा वाकडा उमटतो. त्या डबीवर तसाच ठिपका होता. मागच्या डबीवर तसाच. पुढच्या डबीवर तसाच. तो उन्हात पुढे पुढे गेला आणि मग सगळ्या पाच किलोमीटरांत मागे आला. तेवीसच्या तेवीस ठिपके त्याच्या अंगठ्याचे.

म्हणजे पूजेच्या दिवशी ती तिथं होती. रिकामी, कुणाची नसलेली. आणि तो वाकला होता, न बघता, न मोजता, आणि आपल्या हातानं तिला कुंकू लावून बाकीच्यांत बसवून आला होता. वर हातही जोडले होते. लेकीला सांभाळ म्हणून.

पाना कमरेला लावून तो पुळियंपाक्कमच्या फलाटावर गेला आणि दहा वीसच्या लोकलची वाट बघत उभा राहिला.

८

"अप्पा, उतरा! केबिनमध्ये कॅमेरा आहे. दोघांची नोकरी जाईल."

"माझी तीन महिन्यांची आहे, जाऊ दे. तुझी जाणार नाही, म्हण की बाप वेडा आहे. सगळे हो म्हणतील." राणोजीनं केबिनचं दार आतून लावलं, कडी घातली, आणि शरण्याच्या उजव्या हाताच्या बाकावर मधोमध बसला. बाक दोन माणसांचं. त्यानं पाय फाकवले, हातोडा पलीकडे आडवा ठेवला. बूड ठेवायला जागा म्हणून सोडली नाही.

शरण्या पुढे काही बोलली नाही. मागून घंटा झाल्या, गाडी सुटली.

इतक्या वर्षांत त्यानं आपली वाट कधी इथून पाहिली नव्हती. रूळ पायाखाली येऊन नाहीसे होत होते. पिवळ्या डब्या ठिपक्यासारख्या यायच्या आणि पडद्यावर आकडे हलायचे. मग पडद्यातून टूं असा आवाज आला आणि पिवळं उमटलं. आठशे मीटर. पाचशे. लाल. शरण्याचा हात ब्रेकपर्यंत पोचायच्या आधीच गाडी दबकली आणि बांधाजवळ उभी राहिली.

पंख्यांचा आवाज. बाकी शांत.

राणोजी डोळे दाराकडे लावून बसला. चाळीस सेकंदं त्यानं मनात मोजली. दाराची कडी हलली नाही. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं नाही. खिडकीतून एरीचा कोरडा तळ दिसत होता. पन्नास झाले, साठ झाले. जमलं, तो मनात म्हणाला. जागाच नाही तर येणार कुठे?

पण दिवा लालच राहिला.

दोन मिनिटं झाली. शरण्यानं वॉकीटॉकी उचलला. "कंट्रोल, एरीजवळ उभी आहे, लाल आहे."

खरखर झाली. मग एक कंटाळलेला आवाज. "कोणती एरी? तुम्ही एरिक्करै सोडून पुढे गेलात. पडद्यावर पुढे दिसताय."

"नाही सर, मी इथंच—"

"पुढे आहात तुम्ही. लाइन मोकळी आहे. मागची येऊ दे."

मागची लोकल सात मिनिटांनी असते. हे पुढे गेले असं यंत्र म्हणतंय, तर तिला हिरवा मिळणार. ती ऐंशीच्या वेगानं येणार. वळण आहे, झुडपं आहेत, ड्रायव्हरला ही गाडी दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. आणि तिचा ड्रायव्हरही यंत्राचंच ऐकणार. नियम आहे.

"शेषाद्रीला सांग. मागे झेंडी घेऊन पळ म्हणावं."

शरण्यानं गार्डला हाक मारली. "सगळे अजून चढले नाहीत," शेषाद्रीचा आवाज आला, शांत, रोजच्या कामातला. "चढले की घंटा देतो."

चार मिनिटं.

लाल झेंडी राणोजीच्या काखेत होती. त्याला काम ठाऊक होतं, झोपेतही करता आलं असतं. खाली उतरायचं, मागे धावत सुटायचं, झेंडी दाखवायची. गुडघ्यांनी साथ दिली तर पोचला असता. पण त्यासाठी बाकावरून उठायला लागलं असतं. दार उघडायला लागलं असतं. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती समोर बघत होती, सरळ, पाठ ताठ, दोन्ही हात जागेवर. कपाळावर घाम नव्हता. त्याच्या मात्र डोळ्यांत घाम उतरत होता.

"शरण्या, ब्रेक सोड. लाल असू दे. काढ गाडी."

"सुटत नाही, अप्पा."

"जोर लाव!"

"यंत्रानं धरलाय. हिरवा झाल्याशिवाय सुटत नाही."

पाच मिनिटं. मागे कुठेतरी, पुळियंपाक्कमच्या बाजूला, लोकलचा भोंगा वाजला. लांब, एकच. मग खालच्या रुळांतून ती गुणगुण वर आली, जी फक्त रूळवाल्याला कळते. पायांतून कळते. गाडी सुटली होती.

राणोजीनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. मागच्या डब्यांत माणसं फोनमध्ये बघत असतील. कुणी डबा उघडून इडली खात असेल.

"अप्पा," शरण्या म्हणाली. मान वळवली नाही. चिडलीही नव्हती. गर्दीच्या बसमध्ये म्हणतात तशी म्हणाली. "सरका की थोडं."

रुळांतली गुणगुण वाढली.

राणोजीनं पलीकडचा हातोडा उचलून पायांत घेतला. मग तो लेकीच्या बाजूला चार बोटं सरकला.

दार उघडल्याचं त्याला ऐकू आलं नाही. लागल्याचं मात्र आलं. जड, दमानं. कडी होती तशीच होती. पडद्यावर हिरवं उमटलं, मागून दोन घंटा वाजल्या, ब्रेकचा फुस्कारा सुटला आणि गाडी हलली. बाकाचं रेक्झिन उजव्या अंगाला हळूहळू दबत गेलं. राणोजी तिकडे कलायला लागला, तसा त्यानं डावा हात लेकीच्या खुर्चीच्या दांड्यात अडकवला, घट्ट, आणि लोकलचं शेवटचं स्टेशन, तिरुवळ्ळूर, येईपर्यंत उजवीकडे मान वळवली नाही.